पोलाद भिलाईचे, चर्चा ब्रसेल्सची

भारत आणि युरोपीय संघ यांच्यातील मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा २७ जानेवारी २०२६ रोजी नवी दिल्लीत झाली. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठी प्रमुख पाहुणे म्हणून आलेले युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन आणि युरोपीय परिषदेचे अध्यक्ष अंतोनियो कोस्टा हे दोघेही त्या वेळी राजधानीतच होते. २००७ मध्ये सुरू झालेल्या, २०१३ मध्ये खुंटलेल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा हाती घेतलेल्या या वाटाघाटींना अखेर फळ आले, त्यामुळे सरकारी आणि उद्योगवर्तुळांत समाधान व्यक्त झाले, हे स्वाभाविकच होते. मोटारी, मद्य, कापड, औषधे यांच्यावरील शुल्काची चर्चा पुष्कळ झाली. परंतु या कराराची आणि त्याच्या सोबतीने येणाऱ्या युरोपीय नियमांची झळ ज्यांच्या भट्टीपर्यंत पोहोचणार आहे, त्या सामान्य नागरिकांना या साऱ्या प्रक्रियेत स्थान कोणते, हा प्रश्न त्या मानाने मागेच राहिला. छत्तीसगडमधील भिलाई हे असे एक ठिकाण आहे, की जेथून हा प्रश्न अधिक स्पष्ट दिसतो.

भिलाईला परदेशी सहकार्य नवे नाही. किंबहुना हे शहर त्यातूनच उभे राहिले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याच सुमारास राउरकेला पश्चिम जर्मनीच्या आणि दुर्गापूर ब्रिटनच्या साहाय्याने आकार घेत होते. भिलाईचा करार झाला तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत ती भोपाळला गेली आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड स्वतंत्र राज्य झाले. त्यामुळे दुर्ग, राजनांदगाव, रायपूर या पट्ट्यातील मराठी वस्ती कारखान्याहून जुनी आहे. पुढे विदर्भातून आलेल्या तंत्रज्ञ, कारकून आणि शिक्षकांनी तीत भर घातली. दहा लाख टनांपासून सुरू झालेल्या या कारखान्याची क्षमता आज सत्तर लाख टनांच्या घरात गेली असून विस्तारित कारखाना १४ जून २०१८ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आला. सोव्हिएत मैत्रीची आठवण सांगणारी मैत्री बाग आजही शहरात आहे. मात्र त्या सहकार्यात आणि आताच्या सहकार्यात एक मूलभूत फरक आहे. १९५५ मध्ये परदेशी भागीदार पोलाद कसे करावे हे शिकवण्यास आला होता. आजचा भागीदार पोलाद कोणत्या पद्धतीने केले, याचा हिशेब मागतो आहे.

भट्टीपर्यंत आलेला नियम

युरोपीय संघाने मे २०२३ मध्ये कायदा करून कार्बन सीमा समायोजन यंत्रणा अस्तित्वात आणली. 'सीबॅम' या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते. लोखंड व पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज या वस्तू संघात आणणाऱ्या आयातदाराने त्यांच्या उत्पादनात किती हरितगृह वायू बाहेर पडला याचा हिशेब द्यायचा आणि त्या प्रमाणात प्रमाणपत्रे विकत घ्यायची, असे तिचे स्वरूप आहे. १ ऑक्टोबर २०२३ ते ३१ डिसेंबर २०२५ हा केवळ माहिती सादर करण्याचा काळ होता. १ जानेवारी २०२६ पासून आर्थिक दायित्व सुरू झाले आहे. युरोपातील कारखान्यांना मिळत आलेले मोफत उत्सर्जन हक्क जसजसे कमी होतील, तसतसा आयातीवरील भार वाढत जाईल. त्याची वर्षे कायद्यातच ठरलेली आहेत. २०२६ मध्ये हा भार अडीच टक्के उत्सर्जनापुरता आहे. २०२८ मध्ये तो दहा टक्क्यांवर, २०३० मध्ये साडेअठ्ठेचाळीस टक्क्यांवर आणि २०३४ मध्ये शंभर टक्क्यांवर जाईल. म्हणजेच आज न जाणवणारा हा भार याच दशकाच्या अखेरीस एकाएकी जड होणार आहे.

भारतीय पोलादाची अडचण उघड आहे. पोलाद मंत्रालयाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यानुसार देशात एक टन कच्चे पोलाद तयार होताना सरासरी २.५४ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जागतिक सरासरी याहून बरीच कमी आहे. कोळशावर चालणाऱ्या झोतभट्ट्या, कोळशावरच चालणारे स्पंज आयर्नचे कारखाने, भंगार लोखंडाची टंचाई आणि नैसर्गिक वायूचा तुटवडा ही त्याची प्रमुख कारणे. डिसेंबर २०२४ मध्ये याच मंत्रालयाने 'हरित पोलादा'ची व्याख्या निश्चित केली. टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तरच पोलाद हरित म्हणवून घेण्यास पात्र ठरते, आणि सर्वोच्च पाच ताऱ्यांसाठी ते १.६ टनांच्या खाली असावे लागते. राष्ट्रीय सरासरी आणि हरित पोलादाचा उंबरठा यांच्यातील हे अंतर कोणी, किती वर्षांत आणि कोणाच्या खर्चाने कापायचे, हाच यातील कळीचा मुद्दा आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो निराधार नाही. भिलाईचा रूळ मुख्यत्वे भारतीय रेल्वेसाठी जातो; मग ब्रसेल्सच्या नियमाने भिलाईने अस्वस्थ का व्हावे? याचे उत्तर कारखान्याच्या दारापाशी थांबत नाही. युरोपात विकणे परवडेनासे झालेले पोलाद देशांतर्गत बाजारात वळले तर किमतींवर ताण येणार आणि तो सर्वच उत्पादकांना जाणवणार. युरोपात यंत्रभाग किंवा नटबोल्ट पाठवणाऱ्या लघुउद्योजकाला आपण वापरलेल्या पोलादाचे उत्सर्जन किती, याचा पडताळलेला आकडा द्यावा लागेल. तो मूळ कारखान्याकडून मिळाला नाही, तर युरोपीय आयोगाने ठरवून दिलेले आकडे गृहीत धरले जातील. रायपूरजवळच्या सिलतरा आणि उरला औद्योगिक वसाहतींतील कोळशावर आधारित स्पंज आयर्न उद्योग तर या हिशेबात सर्वांत अवघड जागी उभा आहे. शिवाय मोठा कारखाना कमी उत्सर्जनाच्या तंत्राकडे वळेल तेव्हा कोक भट्टीपासून खाणीपर्यंत कामाचे स्वरूप आणि कामगारांची संख्या बदलणार आहे. पहिला फटका कंत्राटी कामगाराला बसतो, हा औद्योगिक शहरांचा जुना अनुभव आहे.

करारामुळे सीबॅममधून भारताची सुटका झालेली नाही. अन्य एखाद्या देशाला सवलत दिली तर ती भारतालाही मिळेल, एवढे आश्वासन पदरात पडले आहे. दुसरीकडे, निर्यातदाराने स्वदेशात कार्बनची किंमत भरली असेल तर ती वजा करण्याची तरतूद युरोपीय कायद्यातच आहे. संसदेने ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये केलेल्या दुरुस्तीच्या आधारे केंद्राने जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली, तिचे महत्त्व यात आहे. कार्बनची किंमत द्यायचीच असेल तर ती ब्रसेल्सच्या तिजोरीत जावी की भारताच्या, आणि भारतात राहिली तर तिचा विनियोग भट्टी बदलण्यासाठी व्हावा, कामगारांच्या पुनर्प्रशिक्षणासाठी व्हावा की सर्वसाधारण खर्चात विरून जावा? हा निर्णय तांत्रिक नाही. तो पूर्णपणे राजकीय आहे, आणि ज्यांचे रोजचे जीवन त्यावर अवलंबून आहे त्यांचे मत घेतल्याशिवाय तो होऊ नये.

युरोपची सुरुवातही पोलादापासूनच

युरोपीय सहकार्याचा जन्म पोलादातूनच झाला, याचे या संदर्भात स्मरण ठेवले पाहिजे. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमां यांनी ९ मे १९५० रोजी केलेल्या घोषणेनंतर १८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिसमध्ये सहा देशांनी कोळसा व पोलाद समुदायाचा करार केला. युद्धाची साधने ज्या दोन उद्योगांतून निघतात, ते एकत्रित नियंत्रणाखाली आणले तर युद्धच अशक्य होईल, ही त्यामागची दृष्टी होती. या समुदायाच्या उच्च प्राधिकरणाला सल्ला देण्यासाठी करारानेच एक समिती नेमली होती आणि तीत उत्पादक, कामगार आणि ग्राहक-व्यापारी यांना समान संख्येने स्थान होते. प्राधिकरण बलाढ्य होते, समिती सल्लागार होती. तरीही पोलादाविषयी निर्णय घेताना पोलाद तयार करणाऱ्याला खोलीबाहेर ठेवायचे नाही, हे तत्त्व पहिल्या दिवसापासून कागदावर आले.

पुढे समुदायाचा संघ झाला, त्याचा व्याप वाढला आणि नागरिक मात्र दुरावत गेला. त्याची किंमत २००५ मध्ये चुकवावी लागली. प्रस्तावित युरोपीय राज्यघटना २९ मे रोजी फ्रान्सच्या आणि १ जून रोजी नेदरलँड्सच्या मतदारांनी सार्वमतात फेटाळली. त्या धक्क्यानंतर आयोगाने लोकशाही, संवाद आणि चर्चा यांसाठीची 'प्लॅन डी' नावाची मोहीम जाहीर केली. लिस्बन कराराने दहा लाख नागरिकांच्या स्वाक्षऱ्यांनी आयोगाकडे कायद्याची मागणी करण्याचा हक्क दिला, आणि एप्रिल २०१२ पासून तो अमलात आला. मे २०२१ ते मे २०२२ या काळात भरलेल्या युरोपच्या भवितव्यावरील परिषदेत आठशे नागरिक चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे निवडले गेले आणि त्यांच्या गटांतून चर्चा झाल्या. व्यापार करारांचे मसुदे लोकांसमोर ठेवण्याची प्रथाही आपोआप पडली नाही. बनावट मालाविरोधी 'ॲक्टा' करार रस्त्यावरील निदर्शनांनंतर युरोपीय संसदेने ४ जुलै २०१२ रोजी फेटाळला. अमेरिकेबरोबरच्या प्रस्तावित कराराविरुद्ध लाखोंच्या स्वाक्षऱ्या गोळा झाल्या. या दबावातून आयोग अधिक खुला झाला. भारताबरोबरच्या वाटाघाटींतही त्याने आपले मसुदा-प्रस्ताव आणि फेऱ्यांचे अहवाल प्रसिद्ध केले. सीबॅमचा कायदा मांडण्यापूर्वीही २०२० मध्ये त्याने जाहीर मते मागवली होती.

ऑक्टोबर २०१६ मधील वालोनियाचे उदाहरण तर भिलाईच्या दृष्टीने विशेष बोलके आहे. बेल्जियमचा हा प्रांत सुमारे ३६ लाख वस्तीचा, कोळसा आणि पोलाद यांवर एके काळी श्रीमंत झालेला आणि भट्ट्या बंद पडल्यावर बेकारी सोसलेला. कॅनडाबरोबरच्या व्यापार कराराला त्याच्या प्रांतिक संसदेने संमती नाकारली आणि संपूर्ण संघाची सही अडून राहिली. मुख्यमंत्री पॉल मान्येत यांच्यावर चहूबाजूंनी टीका झाली. पण काही दिवसांच्या वाटाघाटींनंतर कराराचा अर्थ स्पष्ट करणारे दस्तऐवज जोडले गेले आणि ३० ऑक्टोबर रोजी स्वाक्षऱ्या झाल्या. एका छोट्या प्रांताने सर्वांना ओलीस धरले, असे तेव्हा म्हटले गेले. करार मोडला नाही, तो अधिक स्पष्ट झाला, हेही तितकेच खरे.

अर्थात युरोपचे हे प्रयोग निर्दोष आहेत असे मानण्याचे कारण नाही. नागरिक परिषदेच्या ४९ प्रस्तावांपैकी ज्यांसाठी मूळ करारच बदलावे लागतील, ते सदस्य सरकारांच्या अनिच्छेत अडकले. सीबॅमवर युरोपातील नागरिकांना आणि उद्योगांना मत देण्याची सोय होती. ज्या देशांच्या कामगारांवर त्याचा परिणाम होणार, त्यांना त्यात काही निर्णायक स्थान नव्हते. भारताने हा नियम एकतर्फी असल्याची आणि समान परंतु भिन्न जबाबदारीच्या हवामानविषयक तत्त्वाशी विसंगत असल्याची तक्रार सातत्याने केली आहे, आणि ती रास्त आहे. परंतु ब्रसेल्सने भिलाईला विचारले नाही अशी तक्रार करताना दिल्लीने भिलाईला विचारले काय, हा प्रश्नही टाळता येत नाही.

संसदेच्या दाराशी थांबलेला करार

भारतीय व्यवस्थेत आंतरराष्ट्रीय करार करणे हा कार्यकारी सत्तेचा अधिकार आहे. संघसूचीतील १४ वी नोंद हा विषय केंद्राकडे देते, अनुच्छेद ७३ नुसार तो अधिकार सरकार वापरते आणि अनुच्छेद २५३ नुसार कराराच्या अंमलबजावणीसाठी संसद राज्यांच्या विषयांवरही कायदा करू शकते. प्रदेश दुसऱ्या देशाला द्यायचा असेल तर घटनादुरुस्ती लागते, हे बेरुबाडी प्रकरणात १९६० मध्ये स्पष्ट झाले. नागरिकांचे हक्क किंवा प्रचलित कायदे बदलणार असतील तर संसदेने कायदा करावा लागतो. व्यापार करारातील शुल्ककपात मात्र सीमाशुल्कविषयक अधिसूचनांनी अमलात येते. परिणामी जो करार युरोपीय संसदेच्या संमतीविना लागू होऊ शकत नाही, त्याच करारावर भारतीय संसदेत मतदान होण्याची घटनात्मक आवश्यकता नाही. स्ट्रासबर्गमधील सदस्य ज्या मजकुरावर हात वर करतील, त्यावर दुर्गच्या खासदाराला फार तर प्रश्नोत्तराच्या तासात किंवा एखाद्या चर्चेत बोलता येईल.

ही उणीव नव्याने लक्षात आलेली नाही. गॅटच्या वाटाघाटींचा वाद पेटला तेव्हा १९९० च्या दशकात करारांना संसदेची मान्यता आवश्यक करणारी खासगी विधेयके राज्यसभेत पुढे आली. न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील राज्यघटना कार्य-समीक्षा आयोगाने २००१ मध्ये करार करण्याच्या अधिकारावर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध करून चर्चा घडवली. केंद्राने फेब्रुवारी २०१४ मध्ये विधेयकपूर्व सल्लामसलतीचे धोरण स्वीकारले. त्यानुसार विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवणे अपेक्षित आहे. पण ते विधेयकांसाठी आहे, करारांसाठी नाही. येथली विसंगती ठळक आहे. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या एखाद्या खाणीचा विस्तार करायचा असेल तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली जनसुनावणी घ्यावी लागते. त्याच खनिजाच्या पोलादाचे भवितव्य ठरवणाऱ्या करारासाठी सारांशही नाही आणि सुनावणीही नाही.

सामान्य माणसाला शुल्कसूची कळत नाही, असे यावर म्हटले जाते. महाराष्ट्राने तरी हे ऐकून घेऊ नये. डिसेंबर १९९१ मध्ये गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांचा मसुदा आला, तेव्हा शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी शेतकऱ्याला जागतिक बाजाराचे दार उघडून मिळेल म्हणून त्याचे समर्थन केले, तर कर्नाटक राज्य रयत संघाचे प्रा. नंजुंडस्वामी यांनी बियाण्यांवरील हक्क हिरावला जाईल म्हणून विरोध केला. दोघांच्या सभांना हजारो शेतकरी जमत. अनुदान, पेटंट, आयात शुल्क या शब्दांची फोड पारावर आणि चहाच्या टपरीवर होत होती. अलीकडे, ४ नोव्हेंबर २०१९ रोजी भारत आशिया-प्रशांत देशांच्या 'आरसेप' करारातून बाहेर पडला, त्यामागे दूध उत्पादकांसह अनेक घटकांचा आवाज होता. या भूमिका बरोबर की चूक यावर मतभेद राहतील; लोकांना विषय समजला नव्हता, असे म्हणता येणार नाही.

दल्ली-राजहराचा धडा

भिलाई परिसराजवळ तर याहून जवळचा आणि अधिक विचारप्रवर्तक अनुभव आहे. कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा येथे १९७७ मध्ये कंत्राटी खाण कामगारांची छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ ही संघटना उभी राहिली. भिलाईच्या कोक भट्टीत काम केलेले शंकर गुहा नियोगी तिचे नेते होते. त्या काळात खाणींचे पूर्ण यांत्रिकीकरण करण्याचा विचार पुढे आला. शेजारच्या बस्तरमधील बैलाडिला येथे १९७८ मध्ये हजारो कंत्राटी कामगार बेरोजगार झाल्याचे उदाहरण ताजे होते. दल्ली-राजहराच्या कामगारांनी केवळ विरोधाचा झेंडा उभारला नाही. कोणती कामे यंत्राने व्हावीत आणि कोणती माणसाने करावीत, त्यात खर्च व उत्पादन यांचा मेळ कसा बसेल, याचा विचार करून त्यांनी अर्धयांत्रिकीकरणाचा पर्याय व्यवस्थापनासमोर ठेवला आणि त्यासाठी दीर्घ काळ लढा दिला. याच संघटनेने १९८३ मध्ये कामगारांच्या बळावर शहीद रुग्णालय उभारले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगी यांची भिलाईत हत्या झाली. त्यांच्या राजकारणाशी सहमत नसलेल्यांनाही एक गोष्ट मान्य करावी लागेल. यंत्र आणि रोजगार यांचा तोल हा अर्थतज्ज्ञांच्या बैठकीपुरता विषय आहे, ही समजूत तेथील स्त्री-पुरुष कामगारांनी खोटी ठरवली. तेव्हाचा प्रश्न यांत्रिकीकरणाचा होता, आजचा कार्बनमुक्तीचा आहे. मांडणी बदलली, तरी ओझे कोणाच्या खांद्यावर येणार हा प्रश्न तोच आहे.

वाटाघाटींत गुप्तता आवश्यक असते, हा दुसरा आक्षेप. तो काही अंशी खरा आहे. कोणत्या टप्प्यावर कोठवर माघार घ्यायची, हे समोरच्या पक्षाला कळू नये, हे कोणताही व्यवहारी माणूस मान्य करील. परंतु सौद्याची मर्यादा गुप्त ठेवणे वेगळे आणि सौद्याचा विषयच गुप्त ठेवणे वेगळे. उलट, देशात जाहीर चर्चा झालेली असेल तर वाटाघाट करणाऱ्याचा हात बळकट होतो. वालोनियाकडे बोट दाखवून युरोपीय मुत्सद्दी आपली अडचण सांगू शकतात. भिलाईकडे, सिलतऱ्याकडे किंवा कोल्हापूर-बेळगावच्या ओतकाम उद्योगाकडे बोट दाखवून भारतीय मुत्सद्द्यालाही तसे सांगता आले असते. प्रत्येक करारावर चर्चा घडवली तर निर्णयच होणार नाहीत, हा तिसरा आक्षेप. एकोणीस वर्षे रेंगाळलेल्या कराराच्या बाबतीत तो फारसा टिकत नाही. चर्चेसाठी या काळात वेळ नव्हता असे नाही. ती करण्याची पद्धतच नव्हती.

काय करता येईल

यासाठी राज्यघटना बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. संसदेच्या विभागनिहाय स्थायी समित्या १९९३ पासून काम करत आहेत. वाणिज्य समिती आणि कोळसा, खाण व पोलाद समिती यांनी या कराराचा आणि सीबॅमचा पोलाद पट्ट्यावरील परिणाम हा विषय हाती घेऊन भिलाई, रायपूर, राउरकेला, बोकारो येथे साक्षी नोंदवाव्यात. त्यात कंत्राटी कामगार, लघुउद्योजक आणि खाण परिसरातील ग्रामसभांचे प्रतिनिधी असावेत. समितीचे अहवाल सरकारवर बंधनकारक नसतात, पण सरकारला त्यांवर उत्तर द्यावे लागते, आणि एखाद्या कामगाराची साक्ष संसदेच्या दस्तऐवजात येणे ही लहान गोष्ट नाही.

दुसरे, भाषेचा प्रश्न. युरोपीय संघाचे कायदे त्याच्या २४ अधिकृत भाषांत प्रसिद्ध होतात. पोर्तुगालमधील कामगार सीबॅमचा कायदा पोर्तुगीज भाषेत वाचू शकतो. या कराराचा आणि त्याच्या परिणामांचा सोपा, प्रामाणिक सारांश हिंदी, मराठी, ओडिया, बंगालीत आणि भिलाईच्या बाबतीत छत्तीसगडीतही मिळायला हवा. त्यात लाभ तेवढे मोठ्या अक्षरांत आणि तोटे तळटिपेत असू नयेत.

तिसरे, कायमस्वरूपी व्यासपीठ. २००० च्या लिस्बन शिखर परिषदेनंतर भारत आणि युरोपीय संघ यांनी नागरी समाजाची गोलमेज परिषद सुरू केली होती आणि २००१ पासून तिच्या बैठका झाल्या. तिचे सदस्य नामनिर्देशित, मान्यवर असत. कारखान्याच्या पाळीवरून सुटलेल्या माणसाला तेथे जागा नव्हती. आता जे व्यासपीठ उभारायचे त्याने १९५१ च्या पोलाद समुदायाचा कित्ता गिरवावा. उत्पादक, कामगार आणि ग्राहक समान संख्येने, आणि बैठका राजधानीबाहेर. कार्बन क्रेडिटच्या योजनेतून येणारा पैसा कोठे खर्च झाला याचा वार्षिक हिशेब या व्यासपीठासमोर ठेवला जावा. या कामी राज्य सरकारांनीही हातावर हात ठेवून बसू नये. छत्तीसगड विधानसभेला करार रोखण्याचा अधिकार नाही, पण त्यावर चर्चा करून ठराव संमत करण्यापासून तिला कोणी अडवलेले नाही.

या साऱ्यात प्रशासनातील मराठी अधिकाऱ्यांचा वाटा मोठा असू शकतो. मंत्रालयांच्या दालनांत अधिसूचनांचे मसुदे लिहिणारे आणि दुर्ग-रायपूरच्या पट्ट्यात दोन-तीन पिढ्या राहिलेले, असे दोन्ही प्रकारचे मराठी भाषक आहेत. एकाला नियम कळतो, दुसऱ्याला भट्टी कळते. भिलाईतील निवृत्त फोरमनने दिल्लीतील आपल्या भाच्याला फोन करून "सीबॅम म्हणजे काय रे, आणि आपल्या कारखान्याचे काय होणार?" असे विचारावे आणि भाच्याने नोकरीच्या मर्यादा सांभाळूनही त्याला नीट उत्तर द्यावे, इथून सार्वजनिक चर्चेची सुरुवात होते. ती तेवढ्यावर थांबू नये, यासाठी संस्था लागतात.

सीबॅमच्या वेळापत्रकाकडे पाहिले तर २०२९ पर्यंत भार तुलनेने हलका आहे आणि २०३० पासून तो वेगाने चढतो. विचार करण्यासाठी, तंत्र बदलण्यासाठी आणि माणसे तयार करण्यासाठी एवढाच अवधी हाती आहे. या काळात भिलाईशी बोलले गेले नाही, तर पुढे संवाद होईल तो कामगार कपातीच्या नोटिशीतून, आणि मग रस्त्यावर उतरलेल्या लोकांना विकासविरोधी ठरवणे सोपे जाईल. १९५९ मध्ये भिलाईची पहिली भट्टी पेटली तेव्हा देशाने त्या कामगाराच्या कष्टांवर भविष्याची उभारणी केली होती. त्या भट्टीत उद्या कोणते इंधन जळावे, हे ठरवताना त्याचे मत विचारणे हे त्याच्यावरचे उपकार नव्हेत. करार टिकावा अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांच्याच हिताची ती गोष्ट आहे.